नाट्यगृह ‘जागतिक दर्जाचं’ आहे हे कशावरून ठरतं?

तुमच्या शहरात ‘जागतिक दर्जाचं कलासंकुल’ होणार म्हणून फलक लागलेत आणि त्यात वेगळं असं काय असतं, हे तुम्ही विचारलंय. मी नाटकांच्या लाइट्सचं काम करतो, दौऱ्यांवर असतो. विंगेतून जे दिसतं ते सांगतो.

आधी विचारा, हे सभागृह नेमकं कशासाठी? ‘सगळ्यासाठीच’ असं उत्तर आलं की घोळ झालाच म्हणून समजा. नाटकातला शब्द न् शब्द कळायचा तर आवाजाचा घुमारा सेकंदाभरात विरायला हवा. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला तोच दोन सेकंदांच्या आसपास लागतो, नाहीतर वाजवणं कोरडं वाटतं. एकाच हॉलमध्ये दोन्ही साधता येतं, पण त्याला सरकते पडदे, हलती छतं असा खर्च येतो. तो टाळून ‘बहुउद्देशीय’ अशी पाटी लावली की शाळांची गॅदरिंगं, पक्षांचे मेळावे आणि उरल्यासुरल्या तारखांना नाटक.

पैसा ओतूनही कसं फसतं ते न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर या कलासंकुलात बघा. तिथला फिलहार्मोनिक हॉल १९६२ साली उघडला. ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक यांचा आराखडा साधारण २,४०० खुर्च्यांचा होता. आणखी प्रेक्षक मावले पाहिजेत म्हणून दबाव आला, हॉलचा आकार बदलला, खुर्च्या वाढल्या आणि आवाज बिघडला. मग डागडुजीवर डागडुजी. १९७६ मध्ये वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी आतला सगळा हॉल नव्याने बांधला, तरी कुरबुरी थांबल्या नाहीत. शेवटी २०२२ मध्ये ५५ कोटी डॉलर खर्चून पुन्हा काम झालं. या वेळी पाचशेच्या वर खुर्च्या काढून टाकल्या आणि रंगमंच पुढे आणला!

गंमत म्हणजे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर (१९८०) याच जॉन्सन-हॅरिस जोडीचं. तिथे हेतू पक्का होता: भारतीय संगीत. म्हणून खुर्च्या हजाराच्या आसपास, मांडणी पंख्यासारखी पसरट, म्हणजे मागच्यालाही गायक जवळ वाटावा. आपल्या मैफलीत समेवरची दाद गायकापर्यंत पोचावी लागते, ती अंतरात विरली तर गाणं रंगत नाही.

दर्शनी काच आणि झुंबरं याबद्दल मी काही बोलत नाही, ती फोटोसाठी असतात. मागचं दार मात्र जरूर बघा. एका नव्याकोऱ्या नाट्यगृहात ट्रक लागला, सेट उतरला, आणि दारातून आत शिरताच काटकोनात वळण. दहा फुटी फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीची सपाट चौकट, काही केल्या वळेना. सगळा सेट लॉबीतून, पॉलिश केलेल्या संगमरवरावरून न्यावा लागला आणि तिसरी घंटा पाऊण तास उशिरा झाली. एसीही तसाच: घरघर सुरू झाली की नट आवाज चढवतो आणि हळुवार प्रवेशाची वाट लागते. हे सगळं नकाशावरच सुटणारं आहे, पण नकाशा काढताना बॅकस्टेजच्या माणसाला कोणी बोलावत नाही.

भूमिपूजनाला जाणार असाल तर दोन प्रश्न विचाराच. पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा कुठल्या खात्यातून येणार? आणि लाइट-साउंडची माणसं कायम नोकरीवर असतील, की दर वर्षी नवा कंत्राटदार?