जुने महाकाव्य वाचताना

प्रश्न : ट्रॉयच्या युद्धावरील होमरच्या प्राचीन ग्रीक महाकाव्याचा, 'इलियड'चा, अनुवाद मी दोनदा हाती घेतला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या सर्गातील जहाजांच्या यादीपाशी अडलो. त्याच त्या विशेषणांचा कंटाळा येतो. शिवाय युद्धात पकडलेल्या स्त्रिया बक्षीस म्हणून वाटल्या जातात, हे वाचून मन विटते. इतक्या जुन्या काव्याचा आनंद आजच्या वाचकाने कसा घ्यावा?

उत्तर : आपण अडलात ती जागाच अवघड आहे. १,१८६ जहाजांची ती गणती पहिल्या वाचनात खुशाल वगळावी.

विशेषणांची गोष्ट वेगळी आहे. ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धा अकिलीस रुसून जहाजांपाशी बसलेला असतानाही कवी त्याला 'वेगवान पायांचा' म्हणतो आणि छापील पानावर ती चूकच वाटते. मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरून दीर्घ वीरगीते तोंडी गाणाऱ्या गायकांचे ध्वनिमुद्रण केले, आणि असे ठरीव शब्द गाता गाता काव्य रचणाऱ्याच्या किती उपयोगी पडतात, हे त्यातून उलगडले. अशा शब्दांनी वृत्त भरते आणि पुढची ओळ जुळवायला कवीला श्वासभर उसंत मिळते. एखादे पान मोठ्याने वाचून पाहावे. जी पुनरुक्ती डोळ्यांना खुपते, तिचाच कानाला ठेका वाटू लागतो.

सगळे २४ सर्ग ओळीने संपवलेच पाहिजेत, हे ओझेही उतरवून ठेवावे. माझे ऐकाल तर सहाव्या सर्गापासून सुरुवात करा. रणांगणावर परतण्याआधी ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर आपल्या तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा हलता तुरा पाहून मूल रडत दाईला बिलगते. आईबाप दोघेही हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलून त्याचा मुका घेतो. हे कळायला कोणती टीप लागते? त्यानंतर थेट बाविसावा सर्ग उघडावा. तिथे हेक्टरची बायको अँड्रोमकी दासींना नवऱ्याच्या स्नानासाठी पाणी तापवायला सांगते आहे, आणि तो तटाबाहेर मरून पडला आहे, हे तिला अजून ठाऊक नाही. ही दोन दृश्ये मनात बसली, की मधल्या लढाया कोणाच्या जिवावर चालल्या आहेत, हे आपोआप उमगते आणि मग त्या वाचता येतात.

स्त्रियांविषयीचा आपला संताप रास्त आहे, आणि काव्य जुने आहे म्हणून तो गिळण्याचे कारण नाही. तो सोबत ठेवूनच एकोणिसावा सर्ग वाचावा. जिच्यावरून अकिलीस आणि ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन यांच्यातला सारा कलह पेटला, ती बंदिवान ब्रिसेइस संपूर्ण काव्यात एकदाच, इथे, बोलते. अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या मृतदेहापाशी ती आपला मारला गेलेला नवरा आणि तीन भाऊ आठवते. तिच्याभोवतीच्या बंदिवान स्त्रियाही रडू लागतात, आणि कवी सांगतो की निमित्त पॅट्रोक्लसचे होते, पण प्रत्येक जण रडत होती ती आपापल्या दुःखासाठी.