वाचक विचारतात : लोकगीत आणि ब्लॅक मेटल

या वेळच्या पत्रांपैकी बरीच एकाच दिशेची निघाली. अकूस्टिक गिटार, घुमट (मडक्यावर कातडं ताणलेलं गोव्याचं वाद्य) आणि लोकगीतांच्या चाली घेऊन आल्बम करणाऱ्या तरुणांना त्यात ब्लॅक मेटलचा, म्हणजे कर्कश गिटार, वेगवान ठोके आणि किंचाळीच्या काळोख्या रॉकचा, रंग हवा आहे. म्हणून हे पानभर त्याच विषयाला.

प्रश्न (साखळी) : मी गिटारवर स्वतःची मराठी आणि कोंकणी गाणी करतो. फिल एल्वरम यांनी 'माउंट ईरी' या नावाने काढलेला 'विंड्स पोएम' (२००९) ऐकल्यापासून तशा वळणाचा आल्बम डोक्यात आहे. पण शांत गाण्यात मधेच डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज) आणलं की ते ठिगळ लावल्यासारखं वाटतं. कुठे चुकतं?

उत्तर : अंतरा शांत आणि ध्रुपद कर्कश, अशी आलटून-पालटून रचना केली की ठिगळ दिसणारच. तो रॉकचा मार्ग झाला. ब्लॅक मेटलचा प्राण अखंडपणात आहे. एकच सूर सेकंदाला आठ-नऊ वेळा छेडायचा, इतका की तो छेडल्यासारखा न वाटता वाहत राहावा. त्या वाहत्या थराच्या आत चाल अगदी सावकाश सरकते. देवळात पेटीचा सूर धरून भजनी बसलेले असतात, त्याच्याशी याचं नातं जवळचं आहे. 'विंड्स पोएम' पुन्हा ऐका : एल्वरम नेहमीच्या मऊ आवाजातच गातात आणि भोवतालचा गोंगाट वाऱ्याचं काम करतो. गाणं त्या वाऱ्यात उभं असतं, त्याच्या शेजारी नाही.

तेव्हा आधी चाल जशी आहे तशी ठेवा आणि तिच्याखाली ट्रेमोलोचा, म्हणजे या भराभर छेडण्याचा, थर पहिल्या ओळीपासूनच सुरू करा, हवं तर अगदी हळू. नंतर तो फक्त वाढवायचा. मेट्रोनोम ९० वर ठेवून एका ठोक्याला चार फटके म्हणजे सेकंदाला सहा. तिथे हात सैल राहतोय याची खात्री झाल्यावर दर दोन-तीन दिवसांनी पाच-पाचने १४० पर्यंत जा, तिथे ते सेकंदाला नऊच्या वर जातात. पिक १ ते १.५ मिलिमीटर जाड, टोकदार, आणि तारेला जेमतेम टोक लागेल इतकाच खाली. पातळ पिक वाकतो आणि परत येईपर्यंत पुढचा फटका चुकतो. हालचाल मनगटातून. कोपर ताठ झालं की अर्ध्या मिनिटात हात भरून येतो आणि लय पुढे पळते. तारा स्टीलच्याच हव्यात. नायलॉनवर हा थर बांधला जात नाही.

स्वरसंगतीसाठी एक जागा हाताने करून पाहा. ए मायनर धरा, मग सरळ एफ मायनरवर जा. दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावरचा सी दोन्हीकडे तोच राहतो, बाकीचे दोन सूर अर्ध्या सुराने सरकतात. पेटीवर सफेद एकला सा मानला, तर सा जागचा हलत नाही, शुद्ध ध कोमल होतो आणि ग मध्यमावर चढतो. कानाला एकदम उजेड गेल्यासारखं होतं. ब्लॅक मेटलचा काळोख बहुतेक वेळा अशाच सरकण्यातून येतो, आवाजाच्या पट्टीतून नाही.

प्रश्न (फोंडा) : अकूस्टिक गिटारला पिएझो पिकअप (लाकडाची थरथर टिपणारा) आहे. तो इंटरफेसला (गिटार संगणकाला जोडणाऱ्या डबीला) जोडून डिस्टॉर्शन लावलं की डब्यात मधमाशी सोडल्यासारखा आवाज येतो, खर्ज सगळा जातो आणि शिट्टी वाजते.

उत्तर : तीन वेगळी दुखणी आहेत. खर्ज जातो तो चुकीच्या सॉकेटमुळे. पिएझोला समोर निदान १ मेगाओमचा इनपुट लागतो, त्याहून जास्त असेल तर उत्तमच. लाइन इनपुट साधारण १० किलोओमचा असतो. पिएझो विद्युतदृष्ट्या कपॅसिटरसारखा वागतो, म्हणून एवढ्या लहान इनपुटवर तळाचे सूर तिथेच गळतात. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' लिहिलेलं बटण दाबा. ते नसेल तर पिएझोसाठीचा प्रीअँप मधे घाला.

मधमाशी ही क्रमाची चूक. डिस्टॉर्शनच्या आधी हाय-पास फिल्टर लावून १२० ते १५० हर्ट्झखालचं कापा. जाड खर्ज आत गेला तर बाहेर चिखल येतो. डिस्टॉर्शननंतर लो-पास लावून ७ किलोहर्ट्झच्या आसपास वरची खरखर उतरवा. गेन (डिस्टॉर्शनचा जोर) तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा ठेवा, कारण आवाजाची भिंत थरांनी बनते. तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवा. एकाच टेकची कॉपी करून दोन बाजूंना टाकली तर ती मधोमधच ऐकू येते. दोन वाजवण्यांतला सूक्ष्म फरक हीच रुंदी. मधे तिसरा ट्रॅक निव्वळ अकूस्टिक गिटारचा, माइकने घेतलेला, डिस्टॉर्शनशिवाय. लोकगीताचं लाकूड त्या तिसऱ्या ट्रॅकमधून ऐकू येतं, तो वगळू नका.

शिट्टी म्हणजे फीडबॅक. गिटारच्या भोकाला रबरी झाकण बसवा, स्पीकर बंद करून हेडफोनवर काम करा.

आणखी एक. गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर आधी बंद करून बघा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. त्यात जीव जातो.

प्रश्न (पेडणे) : ब्लास्ट बीट (ब्लॅक मेटलमधले ड्रमचे अतिवेगवान, सलग ठोके) घुमटावर वाजवता येईल का? ड्रम मशीन वापरायची इच्छा नाही.

उत्तर : एकट्या घुमटावर नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये. घुमटाचा सगळा गोडवा मागच्या लहान तोंडावरच्या डाव्या हातात आहे. तो हात उघडमीट करतो तेव्हा खर्ज वर-खाली वळतो, आणि या वळणाला वेळ लागतो. सेकंदाला दहा ठोके मारले की वळण उरत नाही, नुसती टकटक उरते.

पण सुवारीचा (घुमटाच्या पारंपरिक सामूहिक वादनाचा) ताफा बघा : घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य), कासाळें (झांज). ड्रमसेटची वाटणी यात आधीच आहे. स्नेअरचे दाट ठोके शामेळाच्या काठ्यांकडे द्या, झांजेचं सततचं सळसळणं कासाळ्यांकडे, आणि घुमट दर दोन किंवा चार ठोक्यांनी एकदाच, खोल, वळणासह. वर ट्रेमोलो धावतोय आणि खाली घुमट सावकाश श्वास घेतोय, या ताणात चांगल्या ब्लॅक मेटलचं सगळं बळ येतं. वादकांना क्लिक ऐकवून जखडू नका. चवथीच्या आरतीत लय जशी हळूहळू चढते तशी चढू द्या आणि गिटार नंतर तिच्यावर वाजवा.

रेकॉर्डिंगला दोन माइक. एक कातड्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, थोडा तिरका. दुसरा मागच्या तोंडाजवळ, पण हाताला लागणार नाही असा. मग मागच्या ट्रॅकची फेज (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून ऐका. कातडं आत जातं तेव्हा मागून हवा बाहेर येते, म्हणून दोन्ही ट्रॅक एकत्र केले की खर्ज एकमेकांना खातात. उलटी की सुलटी, जिच्यात खर्ज भरदार लागेल ती ठेवा. हे एक बटण न दाबल्यामुळे घुमट पत्र्याच्या डब्यासारखा रेकॉर्ड होतो आणि दोष वादकाला लागतो.

कातडं बकरीचंच घ्या. घोरपडीच्या कातड्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बंदी आहे आणि जुनं 'घरातलं' म्हणूनही ते विकत घेऊ नये. २०१९ मध्ये घुमटाला गोवा राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तो बकरीच्या कातड्यासकट. पावसाळ्यात कातडं ढिलं पडतं. ६० वॅटचा पिवळा बल्ब हातभर अंतरावर दहा मिनिटं ठेवा आणि दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा सूर तपासा. चुलीच्या जाळावर धरू नका. मडकं एका अंगाने तापलं की तडकतं.

प्रश्न (मडगाव) : किंचाळल्यासारखं गायला गेले की दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. रोज सराव केला तर घसा तयार होईल का?

उत्तर : दुखणाऱ्या घशाचा सराव होत नाही, इजा वाढते. ही किंचाळी ओरडण्यातून येत नाही. स्वररज्जूंच्या वर ज्या घड्या असतात, त्यांना पोटाच्या श्वासावर हलकं थरथरू द्यायचं असतं. आधी जोरात उसासा टाका, मग तो उसासा खरखरीत करा. तो बोलण्याइतक्याच आवाजात असला पाहिजे. मोठेपणा माइक आणि कंप्रेसर देतो. एका बैठकीत १५-२० मिनिटं, मधे पाणी. गुदगुल्या, खोकला किंवा टोचणी आली की त्या दिवसापुरतं थांबा. आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच.

ख, घ, भ, झ ही महाप्राण अक्षरं या आवाजात छान फुटतात, ल आणि ण बुडतात. शब्द निवडताना हे लक्षात ठेवा. आणि किंचाळणं सक्तीचं नाही. एकच ओळ कुजबुजत चार वेळा रेकॉर्ड करून भिंतीच्या किंचित मागे ठेवली तर पुष्कळदा जास्त भीती वाटते.

प्रश्न (वाळपई) : आमच्या कुळागरातला (पोफळी-केळीच्या बागेतला) पाऊस आल्बमभर हवा आहे. रेकॉर्ड केला तर टीव्हीच्या मुंग्यांसारखा लागतो, आणि गाणंही झाकतो.

उत्तर : कल्पना फार चांगली आहे. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलवाल्यांनी बर्फाळ रान आणलं, आपल्याकडे चार महिने आभाळच गोंगाट करतं. मुंग्यांसारखा लागतो कारण मुसळधार पाऊस जवळजवळ सगळ्या कंपनसंख्या सारख्याच भरतो. त्याला रूप येतं ते पाऊस ज्यावर पडतो त्यातून. कौलांवरचा मऊ, पत्र्यावरचा टणक, केळीच्या पानावरचा थेंब-थेंब मोजता येतो, आणि पोफळीच्या झावळ्यांवरून तो उशिरा, मोठ्या थेंबांनी उतरतो. माइक उघड्या अंगणाकडे न धरता पडवीत, केळीपासून दोन-तीन मीटरवर ठेवा. वारारोधक फरचं आवरण, ८० हर्ट्झला लो-कट, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आत. सलग दहा मिनिटं घ्या; अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुन्हापुन्हा जोडला की कान तो जोड पकडतो. मिक्स करताना पावसातून २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ३-४ डेसिबल कमी करा. शब्दांची व्यंजनं तिथे राहतात, त्यांना जागा होईल.

कंडेन्सर माइक दमट हवेत तडतडतात. रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. वीज चमकत असेल तर बॅटरीवरचा रेकॉर्डर वापरा आणि बाकीचं सगळं प्लगमधून काढा.

प्रश्न (डिचोली) : घरचे म्हणतात हे सैतानाचं संगीत. आणि धालोतलं (बायकांच्या लोकनृत्यातलं) एक गाणं वापरायचं आहे, ते चालेल का?

उत्तर : घरच्यांची शंका हवेतून आलेली नाही. १९९२ मध्ये नॉर्वेत बेर्गनजवळचं फानटॉफ्टचं लाकडी चर्च जळालं आणि अशा जाळपोळींसाठी तिथल्या ब्लॅक मेटलच्या वर्तुळातल्या काहींना शिक्षा झाल्या. ते लपवू नका. पण त्याच काळात 'उल्वर' या नॉर्वेच्या बँडने १९९५ च्या पहिल्या आल्बममध्ये लोकसंगीताची वळणं आणली आणि पुढच्याच वर्षी निव्वळ अकूस्टिक आल्बम काढला. अमेरिकेत 'पॅनॉप्टिकॉन'ने २०१२ मध्ये 'केंटकी' हा आल्बम केला : बँजो, फिडल, कोळसा खाणकामगारांची गाणी आणि ब्लॅक मेटल एकत्र. घरी तोच ऐकवा. डिचोलीत राहणाऱ्याला लाल धूळ, ट्रकांच्या रांगा आणि त्याच २०१२ मध्ये एकाएकी थांबलेल्या खाणी यांवर लिहायला दुसरीकडे बघायची गरज नाही. त्या विषयाला हा आवाज शोभेल असं आम्हाला मनापासून वाटतं.

धालोचं मात्र वेगळं. ती गाणी पौषात मांडावर बायका म्हणतात आणि मांड ही पवित्र जागा आहे. ज्यांच्याकडून गाणं ऐकलं त्यांना तुमचं कच्चं रेकॉर्डिंग, किंचाळीसकट, ऐकवा आणि मग विचारा. नको म्हणाल्या तर नको. हो म्हणाल्या तर 'पारंपरिक' एवढंच न लिहिता गाव आणि गाणाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीने छापा, पैसे आले तर वाटाही द्या.

प्रश्न (काणकोण) : आल्बम तयार आहे. ऑनलाइन टाकताना मास्टर (शेवटचं तयार रेकॉर्डिंग) किती मोठं ठेवावं?

उत्तर : स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळं आणून ठेवतं, त्यामुळे चेपून उणे ७ केलेली भिंत खालीच ओढली जाते आणि वर सपाट ऐकू येते. ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) उणे १ डेसिबलच्या खाली ठेवा. प्रत्येक गाणं वेगळं मास्टर करून एकाच पातळीवर आणू नका, सबंध आल्बम एका बैठकीत करा. सलग ऐकताना हळू गाणं हळूच राहिलं पाहिजे, नाहीतर गिटार आणि घुमटाचं दोन मिनिटांचं शांत गाणं पुढच्या भिंतीइतकंच मोठं वाजेल. शेवटी फोनच्या स्पीकरवर एकदा ऐका. तिथे घुमटाचा खर्ज जाणारच, पण त्याचा ठोका ऐकू येत नसेल तर कातड्याकडच्या माइकला २ किलोहर्ट्झच्या आसपास २ डेसिबल द्या.