समुद्रात १५० ग्रॅमपर्यंतची मोठी आमिषे फेकण्यासाठी कोणता रॉड घ्यावा?
लांबीआधी रॉडच्या दांड्यावर छापलेली आमिषाच्या वजनाची मर्यादा वाचावी. १५० ग्रॅमचा पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवत ओढायचे कृत्रिम आमिष) पूर्ण ताकदीने फेकायचा असेल, तर १८० ते २०० ग्रॅम मर्यादेचा रॉड मी निवडेन, कारण फेकताना दांड्यावर येणारा भार आमिषाच्या वजनाहून कितीतरी अधिक असतो. बोटीवरून साडेसात ते आठ फूट लांबी सोयीची पडते; खडकांवरून मात्र साडेनऊ ते साडेदहा फूट हवी. पॉपरला पाणी उडवण्यासाठी ताठ टोक लागते, स्टिकबेटला (माशासारखे सरकणारे लांबट कृत्रिम आमिष) किंचित लवचीक. घेण्यापूर्वी दोरी ओवून लीडरची (मुख्य दोरी व आमिष यांना जोडणाऱ्या मजबूत दोरीच्या तुकड्याची) गाठ टोकाकडच्या लहान कड्यांतून न अडखळता जाते का, हे अवश्य तपासावे. भर वेगात ती अडकली, तर दोरी तुटून आमिष हातचे जाते.