वार चुकवला, अडवला की टोलवला?

प्रश्न असा आहे: अॅक्शन-अॅडव्हेंचर गेमवर मराठीत लिहिताना डॉज, ब्लॉक आणि पॅरी या तिन्हींना ‘बचाव’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘डिफिकल्टी’ला काय म्हणायचं?

‘बचाव’ नको. त्यातून हेतू कळतो, कृती कळत नाही, आणि या गेमची सगळी मजा कृतीतल्या फरकात आहे. नामाच्या मागे न लागता क्रियापदाकडे गेलात की अडचण बरीचशी सुटते. मराठीत वार चुकवतात, अडवतात, झेलतात, परतवतात, टोलवतात.

डॉज म्हणजे वार चुकवणं, यात वाद नाही. काहीजण इथे ‘झुकांडी’ वापरतात, पण झुकांडी पाठलाग करणाऱ्याला देतात, तलवारीला नव्हे. (काटेकोरपणे पाहिलं तर ‘डार्क सोल्स’मध्ये कोलांटी मारताना वार चुकतोच असं नाही. काही फ्रेमपुरतं, म्हणजे क्षणभर, पात्राला काहीच लागत नाही, पातं सरळ अंगातून आरपार जातं. तरी आपण ‘चुकवला’च म्हणतो, आणि म्हणावं.)

ब्लॉकसाठी ‘अडवणं’ ठीकच, पण हातात ढाल असेल तर ‘वार ढालीवर घेतला’ हे अधिक नेमकं. ‘झेलणं’ जरा जपून वापरा. ‘त्याने वार झेलला’ म्हटल्यावर बहुतेक वाचक तो अंगावरच झेलला असं समजतील.

खरी अडचण पॅरीची, म्हणजे नेमक्या क्षणी शस्त्राने वार उडवून लावण्याची. २०१९ च्या ‘सेकिरो’त अडवण्याचं आणि टोलवण्याचं बटण एकच आहे. दाबून धरलं तर वार नुसता अडतो आणि आपलीच पॉश्चरची पट्टी (ती पूर्ण भरली की लढणारा उघडा पडतो) भरभर भरते. शत्रूचं पातं पोचायच्या क्षणी दाबलं तर वार टोलवला जातो आणि पट्टी त्याची भरू लागते. ‘परतवणं’ इथे मला पटत नाही. हल्ला परतवतात तो सैन्याचा. त्यात एका ठोक्याची अचूक वेळ साधल्याचा भास नाही. ‘टोलवणं’मध्ये तो आहे, शिवाय धातूवर धातू आदळल्याचा आवाजही आहे. ‘टोलवाटोलवी’ जबाबदारी झटकण्याला म्हणतात, ही हरकत कोणी घेईल. पण तो अर्थ त्या जोडशब्दापुरता. ‘चेंडू टोलवला’ ऐकून कुणाला सरकारी फाईल आठवत नाही.

त्या पॉश्चरलाही आपल्याकडे तयार शब्द आहे: पवित्रा. हल्ली राजकारणी आक्रमक पवित्रा घेतात म्हणून तो बातम्यांतला वाटतो, पण मूळचा तो शस्त्र चालवणाऱ्याचाच. पट्टी पूर्ण भरली की ‘शत्रूचा पवित्रा मोडला’ असं लिहा. ‘तोल गेला’ने काम भागत नाही, कारण तोल घसरूनही जातो, पवित्रा मोडावा लागतो.

आणखी एक शब्द न विचारता सुचवतो: हूल. ‘एल्डन रिंग’मधला मार्गिट हा बलाढ्य शत्रू सोटा उगारतो आणि उगारलेलाच ठेवतो. आपण घाईने कोलांटी मारून उभे राहतो, तेव्हा तो हाणतो. याला ‘डिलेड अटॅक’ कशाला म्हणायचं? त्याने हूल दिली.

आता डिफिकल्टी. सेटिंगमध्ये निवडायची असते ती काठिण्यपातळी. हा शब्द प्रश्नपत्रिकांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. २०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये अशा चार पातळ्या आहेत, ‘सेकिरो’त निवडच नाही. पण खेळण्याचा अनुभव सांगताना ‘काठिण्य’ जड होतं, तिथे ‘अवघड’ लिहा. ‘अवघडपणा’ मात्र टाळा, तो चारचौघांत वाटणाऱ्या संकोचाकडे झुकतो.

‘अवघड’ आणि ‘चिवट’ यांतला फरकही सांभाळा. अनेक गेम पातळी वाढवताना शत्रूचं आयुष्य वाढवतात. चाली त्याच, वेळा त्याच, फक्त दहा घावांत पडणारा तीस घाव खातो. हा शत्रू अवघड झालेला नाही, चिवट झाला आहे. परीक्षणात सरसकट ‘अवघड’ लिहिलं की हूल देणारा मार्गिट आणि नुसता मार खात उभा राहणारा राक्षस एकाच रांगेत बसतात.

मेनूतली आणि बटणांची नावं मात्र आहेत तशीच देवनागरीत ठेवा. ‘पॅरीचं बटण’ लगेच सापडतं, ‘टोलवणीचं बटण’ शोधत बसावं लागेल.