खोट्या बातम्यांवर सरकारने कडक बंदी घातली, तर माध्यमांवरचा विश्वास परत येईल का?

नाही येणार, असं माझं मत. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काढली. खोट्या बातमीचा राग मलाही येतो, कारण नंतर ती निस्तरायला आम्हीच बसायचो. तरी 'खोटं काय ते सरकार ठरवेल' ही वाट नको.

वुहानचे नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग आठवतात? ३० डिसेंबर २०१९ ला त्यांनी डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की सार्स या जीवघेण्या श्वसनरोगाचे सात रुग्ण सापडलेत, जपून राहा. ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून समज दिली आणि खोटी माहिती दिल्याच्या कागदावर सही घेतली. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा): काटेकोरपणे पाहिलं तर त्यांचं चुकलंच होतं. तो सार्स नव्हता, त्याच कुळातला नवा, कोविडचा विषाणू होता. म्हणजे तुम्ही म्हणता तसल्या कायद्यात ते अगदी नियमाप्रमाणे अडकले असते! जानेवारी संपायच्या आत चीनच्या सर्वोच्च न्यायालयाच्याच सोशल मीडिया खात्यावर लेख आला, की लोकांनी तेव्हा ती 'अफवा' खरी मानून मास्क लावले असते तर बरं झालं असतं. ७ फेब्रुवारीला ली त्याच आजारानं गेले. पोलिसांनी समज मागे घेऊन कुटुंबाची माफी मागितली ती मार्चमध्ये.

ताजी बातमी बहुतेक वेळा अशीच अर्धीमुर्धी असते. पूर्ण खरी होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर सावध करण्याची वेळ निघून जाते.

१९१८ च्या फ्लूच्या साथीचंही तेच. लढणाऱ्या देशांत सेन्सॉर होता, तटस्थ स्पेनमधली वृत्तपत्रं मात्र मोकळेपणानं छापत होती. त्यामुळे 'स्पॅनिश फ्लू' हे नाव बिचाऱ्या स्पेनला चिकटलं.

म्हणून माध्यमं धुतल्या तांदळासारखी आहेत असंही नाही. इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याच्या, पुढे खोट्या ठरलेल्या बातम्या न्यूयॉर्क टाइम्सवर कुणी लादल्या नव्हत्या. काही तर पहिल्या पानावर आल्या. अमेरिकेचं इराकवरचं युद्ध सुरू झालं मार्च २००३ मध्ये. आपली छाननी कमी पडली अशी कबुली संपादकांनी दिली २६ मे २००४ ला, आणि तीही आत दहाव्या पानावर.

यात मीही आलोच. एका अपघातातल्या मृतांचा आकडा माझ्या हातून चुकला आणि थेट मथळ्यात गेला. दुसऱ्या दिवशीचा खुलासा दोन ओळींचा, आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली. पहिल्या पानावर जागा मागितली तर वरिष्ठ म्हणाले, "आपली अब्रू आपणच कशाला चव्हाट्यावर मांडायची?" मी गप्प बसलो.

तेव्हापासून कुठलंही दैनिक किंवा वेबसाइट लावायची झाली की मी आधी त्यांचे खुलासे शोधतो. वर्षभरात एकही सापडला नाही, तर वर्गणी भरत नाही.