हिरवी नंबरप्लेट

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि शोरूममधला फोटो, दोन्ही पोचले. विजेची गाडी देखणी आहे. बॉनेटवर हात ठेवून तू उभा आहेस ते पाहून मला हसू आले, कारण असे हात मी तीस वर्षे पाहिले. आमच्या बँकेत गणेशचवथीच्या आधीच्या महिन्यात वाहनकर्जाच्या अर्जांचा ढीग लागायचा. कारणाच्या रकान्यात सगळे 'नोकरीसाठी गरज' लिहायचे आणि तोंडाने सांगायचे, 'चवथीपूर्वी गाडी दारात पाहिजे हं.' गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला जमलेल्या भावांनी ती बघायला नको?

मी वेगळा नव्हतो. १९९४ साली जुनी मारुती ८०० घेतली. हप्ता भरल्यावर पेट्रोलला पैसे उरत नसत, म्हणून गाडी ताडपत्रीखाली आणि मी कदंबाच्या सरकारी बसमध्ये. ताडपत्री मात्र अशी बांधायचो, की मागची नंबरप्लेट रस्त्यावरून दिसावी!

तुझी गाडी विजेची, म्हणून नंबरप्लेट हिरवी असणार, एवढाच फरक. शिवाय तुझ्याजवळ एक वाक्य आहे जे माझ्याजवळ नव्हते: 'सरकार पैसे देतेय, मग का सोडायचे?' सरकार नक्की काय देते ते बघू. विजेच्या वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत कारसाठीचे अनुदान टॅक्सीसारख्या धंद्याच्या गाड्यांना होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह या पुढच्या योजनेत दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका धरल्या. घरगुती कार नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची आयकर वजावट मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. उरला जीएसटी. विजेच्या गाडीवर तो ५ टक्के, ही खरी सवलत. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचाही २८ वरून १८ वर आला, म्हणजे अंतर बरेच मिटले. गोव्याने २०२१ मध्ये स्वतःचे धोरण आणले होते, त्यातही अनुदान होते. विक्रेता त्याचे नाव घेईल तेव्हा आज लागू असलेली अधिसूचना दाखवायला सांग. खात्यात न आलेले पैसे धरून हप्ता ठरवलेली माणसे मी टेबलापलीकडून पाहिली आहेत.

अनुदान वाईट असे मी म्हणत नाही. बसला दिले तर मला आनंदच आहे. कारचे मात्र जरा खटकते. अमेरिकेत बोरेनस्टीन आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा विजेच्या गाड्यांवरच्या करसवलतीतला सुमारे ९० टक्के वाटा उत्पन्नाने वरच्या २० टक्क्यांतल्या लोकांकडे गेलेला निघाला. साहजिक आहे. नवी गाडी, स्वतःचे गॅरेज आणि भिंतीत प्लग ज्याच्याकडे, त्यालाच ती सवलत उचलता येते.

तुझ्याकडे गॅरेज आहे का? भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला, पार्किंग खाली फणसाखाली. सोसायटीने मीटरपासून लाइन ओढू दिली नाही तर बाल्कनीतून वायर सोडणार, तीही आषाढात? अर्थिंग नीट नसेल तर बरेच चार्जर गाडी चार्जच करत नाहीत. आधी सोसायटीची लेखी परवानगी, मग इलेक्ट्रिशियन, त्यानंतर शोरूम. माझ्या मते सगळ्या खरेदीत महत्त्वाचे काम हेच, आणि त्याचाच फोटो कोणी काढत नाही.

रेंजची काळजी सोड. पत्रादेवी ते पोळे, अख्खा गोवा दीडशे किलोमीटरच्या आत संपतो. तुझी रोजची वाट फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्णा, जाऊन-येऊन पन्नासच्या आत. सात-आठ युनिटांचे काम. मात्र आपल्याकडची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, तीही बरीचशी कोळशाची. तेव्हा 'प्रदूषण शून्य' हे कचेरीत जरा हळू आवाजात सांग.

वाट तुझी एकट्याची, सामान एक डबा आणि लॅपटॉप. विजेच्या स्कूटरचा विचार तू केलास का? केला असशील, आणि सोडला असशील. का सोडलास ते मला नको, स्वतःला सांग. उत्तर 'पाऊस' असेल तर कार घे, मी काही बोलणार नाही. गोव्याचा पाऊस मी ओळखतो.

रविवारी ये. कोटेशन आण आणि गेल्या तीन महिन्यांची पगाराची स्लिप. स्कूटरवरूनच ये, आमच्या वाड्यात गाडी वळत नाही.

तुझा,
भाईकाका