दोन शटरं, एकच साग

प्रश्न : कपाटाला सागाच्या विनियरची (फळीवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पानांची) दोन शटरं महिन्याभरापूर्वी बसवली. दाराकडून पाहिलं की उजवं गडद दिसतं, खिडकीकडून पाहिलं की डावं. पॉलिशवाल्याने रंग मोजायचं यंत्र लावून १.८ फरक दाखवला. ‘दोनच्या आत आहे, डोळ्याला दिसणारच नाही’ म्हणतो. मला तर रोज दिसतो! रंग चढवून सारखं करून घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, रंग अजिबात चढवू देऊ नका. रंगच वेगळा असता तर एकच शटर कुठूनही गडद दिसलं असतं. तुमच्याकडे उभं राहायची जागा बदलली की गडदपणा इकडचा तिकडे जातो, म्हणजे हा लाकडाच्या तंतूंचा कल आहे. विनियरची लागोपाठची पानं पुस्तक उघडावं तशी लावली की एक सुलट, एक उलट पडतं. मग एक पान उजेड तुमच्याकडे फेकतं, दुसरं पलीकडे.

खात्री करायची तर दोन्ही शटरं उतरवून खिडकीपाशी शेजारी उभी करा आणि एकाची वरची बाजू खाली करा. फरक मावळला तर दोष पॉलिशचा नाही.

आता ते १.८. उजळपणा, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा अशा तीन मापांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज करायची, तिचं वर्गमूळ म्हणजे डेल्टा ई, दोन रंगांतल्या फरकाचा आकडा. सीआयई या प्रकाश आणि रंगाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची ही रीत १९७६ची. फरक १, ०.५ आणि १.४ असतील तर उत्तर १.८ येतं. रंगवलेल्या पत्र्याला हा आकडा चोख लागतो. सागावर यंत्राची आठ मिलिमीटरची खिडकी काळ्या रेघेवर पडली की एक उत्तर, शेजारी पडली की दुसरं. एकाच फळीवर तीन-चारचा फरक सहज निघतो. मी आधी एकाच शटरवर दहा जागा मोजतो, मग दुसऱ्यावर दहा, आणि सरासऱ्या ताडून बघतो. त्यातही यंत्र गोलाच्या आत उजेड पसरवून मोजणारं असेल, तर तंतूंच्या कलाचा फरक त्याला जवळपास कळतच नाही.

आणि रात्री रंग जुळवू नये. पिवळ्या बल्बखाली मी एकदा शिसवी टेबलाच्या नव्या फळीला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) जुळवला. सकाळी गिऱ्हाइकाच्या अंगणात नवी फळी लालभडक! सगळं खरवडावं लागलं. तेव्हापासून उत्तरेची खिडकी, भर दिवसा, आणि लाकूड जसं बसणार तसंच उभं धरून.

तुमच्या विनियरच्या रेघा सरळ उभ्या असतील तर एक शटर खालची बाजू वर करून बिजागऱ्यांची भोकं नव्याने पाडून घ्या. डोंगरासारखी नक्षी असेल तर ती उलटी दिसेल. तिथे एका शटरचं विनियरच बदलावं लागेल.